फुकटची लायब्ररी आणि आपली खतावणी



फुकट मिळालेल्या वस्तूत खोट निघाली तर तिच्या दुरुस्तीसाठी आपला वेळ आणि पैसा घालावा का? आणि घातलाच, तर ती दुरुस्ती पुन्हा जगाला फुकट देऊन टाकावी का? पिंपरीच्या बाजारात हा प्रश्न विचारला तर दहापैकी नऊ जण नाही म्हणतील आणि दहावा नुसता हसेल. कापडाच्या धंद्यात आमचीही उमर गेली, त्यामुळे या उत्तराचे आम्हाला नवल वाटत नाही. परंतु संगणकाच्या एका मालाबाबत हे उत्तर तोट्याचे आहे, आणि तो माल आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानात व वर्कशॉपात, मालकाला पत्ता नसताना, येऊन बसलेला आहे. म्हणून आज या पानावर त्याचा खुलासा करीत आहोत.

आपल्या पट्ट्याची स्थिती पाहा. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ साली. भोसरी-पिंपरीची औद्योगिक वसाहत त्याआधीपासून होतीच. या मोठ्या कारखान्यांच्या मागे प्रेसपार्ट, जॉबवर्क, लाकडी पेट्या, डांगरी, हातमोजे, मशीन पुसायची चिंधी असा माल पुरवणारे लहान लोक उभे आहेत, आणि त्यांत आपले बंधू बरेच आहेत. माल गेटवर गेला की चलन, नाकारलेला माल परत आला की डेबिट नोट, आणि मग साठ-नव्वद दिवसांची उधारी. हा हिशेब वहीत मावेनासा झाला तेव्हा कोणाच्या मुलाने, कोणाच्या भाच्याने कॉलेजात शिकता शिकता पायथन नावाच्या संगणकभाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला. मालक खूश झाला. बिले निघू लागली. पण त्या प्रोग्रामच्या पोटात काय आहे, हे कोणी विचारले नाही.

पोटात लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे येथे वाचनालय समजू नये. शिंपी शर्ट शिवतो, पण बटण, काज, कॉलरची पट्टी तो स्वतः बनवीत नाही, तयार आणून लावतो. प्रोग्राम लिहिणाराही तसेच करतो. दुसऱ्याने लिहून ठेवलेले तयार भाग आणून जोडतो, त्या भागांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. ज्या लायब्ररीचा मूळ मजकूर कोणालाही उघडून वाचता येतो, वापरता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो, ती ओपन सोर्स. डेटाबेस म्हणजे आपली कीर्द आणि खतावणी, फक्त कागदाऐवजी संगणकात. प्रोग्राम आणि ही खतावणी यांच्या मध्ये जी लायब्ररी बसते ती मुनीम समजा. प्रोग्राम मुनिमाला सांगतो की, अमुक पार्टीची बाकी काढ. मुनीम डेटाबेसला कळेल अशा भाषेत ती विचारणा, म्हणजे क्वेरी, लिहून आत पाठवतो व उत्तर आणून देतो. मुनीम चुकला तर खतावणी कितीही पक्की असली तरी बाकी चुकीचीच निघणार.

मुंबईच्या एका धंद्याची गोष्ट

हे सारे परदेशी लोकांचे खेळ आहेत असे कोणी म्हणेल, तर त्याने मुंबईकडे पाहावे. रुशभ मेहता यांच्या घरी फर्निचरचा धंदा. त्या धंद्याला विकतची हिशेब-व्यवस्था बसवताना जो त्रास झाला त्यातून त्यांनी स्वतःचीच व्यवस्था लिहायला घेतली, ती पायथनमध्ये. २००८ साली कंपनी निघाली. आज ती फ्रापे या नावाने ओळखली जाते आणि तिच्या मालाचे नाव ईआरपीनेक्स्ट. बिल, साठा, खतावणी, कारखान्यातील उत्पादन असे सर्व त्यात येते. विशेष हे की सारा मूळ मजकूर खुला ठेवला. कोणीही उतरवून घ्यावा, वापरावा. कंपनी पैसा कमावते तो संगणकावर चालवून देण्याचा व सेवेचा. आपल्याकडे कापड दुकानदार माप घेऊन शिवून देण्याचे पैसे घेतो, माप कसे घ्यावे हे लपवून ठेवीत नाही, तसाच हा मामला.

आता आपल्या विषयाला लागून असलेला भाग. फ्रापेच्या व्यवस्थेत हिशेबाचे कोठार म्हणून मारियाडीबी हा डेटाबेस वापरला जातो, आणि पुढे पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवरही ती चालावी अशी गरज आली. दोघांची भाषा एकच म्हणवते, पण बोली वेगळी. फ्रापेत विक्रीबिलाच्या खात्याचे नाव दोन शब्दांचे, मध्ये मोकळी जागा असलेले आहे. असे नाव मारियाडीबीत एका प्रकारच्या उलट्या अवतरणचिन्हांत लिहावे लागते, पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांत. रिकामी जागा शून्य धरावी असे सांगायला मारियाडीबीत चालणारा एक शब्दही पोस्टग्रेसमध्ये चालत नाही. वर्षानुवर्षे हाताने लिहिलेल्या शेकडो क्वेऱ्या एका बोलीत असतील तर त्या दुसऱ्या दुकानी कशा चालायच्या?

येथे एक छोटी लायब्ररी कामी आली. तिचे नाव पायपिका. प्रवासाची तिकिटे शोधून देणाऱ्या कायाक या कंपनीच्या जर्मनीतील शाखेतून ती २०१६ च्या सुमारास बाहेर पडली. तिचे काम एकच. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पायथनमध्ये सांगायचे की हे खाते, ही अट, ही बेरीज, आणि लायब्ररीने ज्या डेटाबेसची बोली हवी त्या बोलीत क्वेरी रचून द्यायची. फ्रापेच्या चौदाव्या आवृत्तीत, जी २०२२ साली आली, या पायपिकावर उभारलेली क्वेरी रचण्याची सोय आहे.

परंतु मुंबईच्या मंडळींनी ती जशीच्या तशी डोळे झाकून घेतली नाही, आणि आमच्या मते या प्रकरणातील शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. पायपिका स्वभावतः किंमती, नावे वगैरे क्वेरीच्या मजकुरातच लिहून टाकते. नावात अवतरणचिन्ह आले तर ते दोनदा लिहून काम भागवते. फ्रापेने तिच्यावर आपला एक थर चढवला. किंमत दिसली की ती मजकुरातून बाहेर काढायची, तिच्या जागी पॅरम-एक, पॅरम-दोन अशी नुसती खूण ठेवायची, आणि खऱ्या किंमती वेगळ्या यादीत डेटाबेसच्या हाती द्यायच्या. एवढ्या खटाटोपाचे कारण काय, ते पुढच्या उदाहरणात कळेल.

मसऊद नावाचा मसला

आपली नावे इंग्रजीत लिहिताना अनेक जण ऐन किंवा हमझा दाखवण्यासाठी वर एक टिंबवजा स्वल्पविराम देतात. मसऊद, सईद, मुअमिन. उर्दू शाळेत शिकलेल्याला त्याचे महत्त्व सांगायला नको. आता डेटाबेसच्या भाषेत हीच खूण मजकूर कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे सांगते. कच्च्या मुनिमाने क्वेरीच्या वाक्यात हे नाव जसेच्या तसे चिकटवले की डेटाबेसला वाटते नाव मस एवढेच होते, आणि ऊद हा काही हुकूम आहे. बिल अडते. मुलगा घाईत सांगतो, चाचा, नाव साधे लिहा. पुष्कळ दुकानांत याच ठिकाणी विषय संपतो, ग्राहकाच्या नावाची मोडतोड होते आणि खोट तशीच राहते.

ही खोट नावापुरती असती तर आम्ही कागद खर्च केला नसता. ज्या फटीतून मसऊदचे नाव चुकून हुकूम बनते, त्याच फटीतून लबाड माणूस मुद्दाम हुकूम घुसवू शकतो. नावाच्या रकान्यात असे काही लिहायचे की अट नेहमी खरीच ठरेल आणि सगळ्या पार्ट्यांची खाती त्याच्यासमोर उघडतील. संगणकाच्या जगात या चोरीला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात व ती फार जुनी आहे. अवतरणचिन्ह दोनदा लिहिण्याने ती बरीच अडते, पण सगळीकडे सारखी नाही. मारियाडीबीत उलट्या तिरप्या रेघेलाही विशेष अर्थ असतो, पोस्टग्रेसच्या साध्या मजकुरात नसतो. म्हणून पक्का इलाज एकच, हुकूम वेगळ्या पाकिटात आणि नाव वेगळ्या पाकिटात.

पायथनमध्ये याचा करार १९९९ सालापासून लिहून ठेवलेला आहे. डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रत्येक लायब्ररीने कोणत्या रीतीने वागावे हे त्यात आहे. पण करार करणाऱ्यांनी जागा दाखवण्याच्या खुणा मात्र पाच प्रकारच्या मान्य केल्या. एसक्यूलाइटसाठी प्रश्नचिन्ह चालते, पोस्टग्रेसच्या नेहमीच्या लायब्ररीत टक्क्याचे चिन्ह व एस हे अक्षर लागते. बाजारात गज, मीटर आणि वार एकाच वेळी चालू ठेवावेत तसा हा कारभार आहे, आणि लहान लायब्रऱ्यांमधील निम्म्या भानगडी आमच्या समजुतीप्रमाणे याच सांध्यावर होतात. ज्या मुलाला पहिली दुरुस्ती कोठे करावी असा प्रश्न पडतो, त्याने हा सांधा तपासावा.

पैशाचा मामला दुसरा. संगणक अपूर्णांक दोनाच्या पटीत साठवतो, दहाच्या नव्हे. त्यामुळे पायथनमध्ये साध्या दशांश संख्येने दहा पैसे व वीस पैसे मिळवले तर तीस पैशांच्या शेपटीला सतराव्या घरात एक चार चिकटलेला दिसतो. वाचकांना हसू येईल. पण पार्टीने शेवटचा पैसा चुकता केल्यावर प्रोग्राम विचारतो, बाकी शून्य आहे का? शेपटीतल्या चारामुळे उत्तर येते, नाही. आणि पैसे फेडलेला इमानदार माणूस उधारीच्या यादीत राहतो. पायथनमध्ये अचूक दशांशासाठी डेसिमल नावाचा वेगळा प्रकार आहे, परंतु पायथनसोबत येणारी एसक्यूलाइटची लायब्ररी तो प्रकार मुद्दाम शिकवल्याखेरीज स्वीकारत नाही, चूक दाखवते. मग घाईतला मुलगा त्याचे साध्या अपूर्णांकात रूपांतर करून मोकळा होतो. येथे सरळ उपाय असा की रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवावी. एकशेपंचवीस रुपये पन्नास पैसे म्हणजे १२५५०. लायब्ररीने हे स्वतःहून करावे अशी सोय तिच्यात घालणे ही एक उत्तम, लहान आणि उपयोगी सुधारणा होय.

तिसरी गोष्ट विजेची. ताका दुकानातून गेला की साठ्यातून तो कमी व्हायला हवा आणि पार्टीच्या नावे रक्कम पडायला हवी. दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. मध्येच वीज गेली आणि ताका कमी झाला, नावे मात्र पडले नाही, तर तो ताका गेला कोठे? डेटाबेसमध्ये दोन्ही नोंदी एका गाठीत बांधण्याची सोय असते, तिला ट्रान्झॅक्शन म्हणतात, आणि शेवटी कमिट असा शिक्का मारला तरच ती पक्की होते. एसक्यूलाइटच्या पायथन लायब्ररीत नेहमीच्या मांडणीप्रमाणे शिक्का न मारता खतावणी बंद केली तर नोंद राहतच नाही. हे नवशिक्याला ठाऊक नसते. चांगली लायब्ररी गाठ आपोआप बांधते, चूक झाली तर आपोआप सोडून पूर्वस्थितीवर आणते. आपल्या मुलाने वापरलेली लायब्ररी असे करते का, एवढे तरी मालकाने विचारावे.

आणि चौथी अडचण ही खास आपली. उर्दू नावे संगणकात दोन कळफलकांवरून येतात. अरबी कळफलकावरची ये वेगळी, उर्दू-फारसीची ये वेगळी. काफचेही तसेच. शब्दाच्या मध्ये दोन्ही ये डोळ्याला अगदी एकसारख्या दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्यांचे क्रमांक निराळे आहेत. एका मुनशीने नाव एका कळफलकावरून चढवले, दुसऱ्याने शोधताना दुसरा वापरला, की उत्तर येते, असा ग्राहक नाही. मग नवे खाते उघडले जाते आणि एकाच माणसाची उधारी दोन खात्यांत वाटली जाते. देवनागरीत नुक्त्याच्या अक्षरांचेही असेच दोन प्रकारे लिहिणे होते. नुक्त्याचा गुंता पायथनमधील तयार साधनाने सुटतो, परंतु ये आणि काफचा सुटत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ती वेगळी अक्षरेच धरली आहेत. हा प्रश्न जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या लायब्ररी लिहिणाऱ्याला पडणारच नाही. तो भोसरीत, भिवंडीत, मालेगावात पडतो. तो सोडवायचा असेल तर आपल्यातल्याच कोणीतरी हात घालायला हवा.

दुरुस्ती लपवून का ठेवू नये

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. समजा मुलगा हुशार निघाला, त्याने लायब्ररीतली खोट शोधली व आपल्या दुकानाच्या संगणकावर दुरुस्त केली. व्यापाऱ्याचा स्वभाव सांगतो, गप्प बस, हा आपला नफा. पण लायब्ररीची नवी आवृत्ती येते. पायथनमध्ये ती एका हुकुमाने बसते आणि बसताना जुने सारे पुसून टाकते. मुलाने घातलेला टाकाही त्यात जातो. कोणी ओरडत नाही, घंटा वाजत नाही. सहा महिन्यांपूर्वी मेलेली खोट परत जिवंत होते, आणि तोवर मुलगा हिंजवडीत नोकरीला लागलेला असतो. प्रत्येक नव्या ताक्यावर तोच टाका पुन्हा घालायचा, हा कसला नफा? तीच दुरुस्ती मूळ लायब्ररीत स्वीकारली गेली, की पुढचा प्रत्येक ताका ती घेऊनच येतो आणि तिची राखण जगभरचे वापरणारे करतात. म्हणजे दुरुस्ती देऊन टाकण्यात दानधर्म किती आणि स्वार्थ किती याचा हिशेब केला तर स्वार्थच जड निघेल.

फ्रापेने पायपिकावर थर चढवला, तो पायपिकाच्या पोटात न घालता आपल्या व्यवस्थेत ठेवला, याकडे कोणी बोट दाखवील. बरोबर आहे. गरज आपल्या मांडणीपुरती असेल तर थर चढवणे योग्य, आणि त्यांचा तो थरही खुलाच आहे, कोणीही वाचू शकतो. मूळ कापडच विरळ असेल तर अस्तर लावून भागत नाही, तेथे विणणाऱ्याला कळवावे लागते. दोन्हींतला फरक ओळखणे यालाच अक्कल लागते.

दुरुस्ती पाठवण्याची रीत शिस्तीची आहे. आधी परवाना वाचावा. पायपिकाचा परवाना अपाची आहे, फ्रापेच्या पायाचा एमआयटी, ईआरपीनेक्स्टचा जीपीएल. शेवटच्यात अट अशी की बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा मूळ मजकूरही द्यावा लागेल. मग खोट कमीत कमी ओळींत दाखवावी. दुकानाचा सारा प्रोग्राम पाठवून यात काहीतरी बिघडले आहे असे म्हणणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि देऊही नये. त्यानंतर चाचणी लिहावी, म्हणजे खोट असताना नापास होईल व दुरुस्तीनंतर पास होईल अशी छोटी परीक्षा. आमच्या दृष्टीने दुरुस्तीपेक्षा या चाचणीची किंमत अधिक. पुढे कोणीही, कितीही वर्षांनी, अजाणतेपणी तीच खोट परत आणली तर चाचणी त्याचा हात धरते. एसक्यूलाइटचे पाहा. आपल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असलेला हा डेटाबेस रिचर्ड हिप यांनी २००० साली काढला, आणि त्याच्या मूळ मजकुराच्या सुमारे ५९० पट मजकूर केवळ चाचण्यांचा आहे. इतका विश्वास उगाच मिळालेला नाही.

दुरुस्ती लहान असावी. एकाच वेळी खोटही काढली, नावेही बदलली, जागाही हलवल्या, असे केले तर तपासणारा वैतागतो. एकापेक्षा अधिक डेटाबेसवर चालवून पाहावे, कारण एसक्यूलाइटवर नीट चाललेले मारियाडीबीवर अडते. सोबत चार ओळींची चिठ्ठी, साध्या इंग्रजीत: काय बिघडते, का बिघडते, काय बदलले. भाषा मोडकी असली तरी चालते, गोलमाल असली तर चालत नाही. मग सबुरीने थांबावे. सांभाळणारा माणूस बहुधा पगाराविना काम करीत असतो. पायपिकाची ०.४८.९ ही आवृत्ती २०२२ साली आली व पुढची बराच काळ आली नाही. अशा वेळी शिव्या देण्याचा हक्क फुकट घेणाऱ्याला नाही. मात्र परवाना खुला असल्याने मूळ मजकूर घेऊन वेगळी शाखा काढण्याचा हक्क आहे. मारियाडीबी असेच जन्मले. मायएसक्यूएलची मालकी सनकडून ओरॅकलकडे जाणार असे २००९ साली दिसू लागले, तेव्हा मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी तोच खुला मजकूर घेऊन नवे घर केले. मोठ्या मुलीचे नाव मी, त्यावरून मायएसक्यूएल, धाकटीचे मारिया, त्यावरून मारियाडीबी. मालक बदलला तरी खतावणी वापरणाऱ्याच्या हातातून गेली नाही, हा खुल्या परवान्याचा खरा फायदा. बंद प्रोग्राम विकत घेणाऱ्याला हे सुख नसते.

येथे एक ताकीदही द्यायला हवी. खुल्या मालात हात कोणीही घालू शकतो म्हणून कोणाचाही हात स्वीकारावा असे नव्हे. एसक्यूलाइटवाले तर बाहेरच्यांचे बदल सहसा घेतच नाहीत, माल खुला, पण कारखान्यात प्रवेश नाही. हे त्यांचे धोरण काहींना रुचत नाही, आम्हाला चुकीचे वाटत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या लहान लायब्ररीचे प्रकरण उघडकीस आले. एका अनोळखी माणसाने दोन-अडीच वर्षे चांगली कामे करून विश्वास मिळवला आणि मग तिच्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला कोणी? पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. त्याच्या ध्यानात आले की यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला म्हणून जग वाचले. मापात अर्धा इंच कमी भरला तर ताका पुन्हा मोजणारा व्यापारी आणि हा अभियंता एकाच जातकुळीचे आहेत.

मुलांच्या दृष्टीनेही पाहा. नोकरी मागायला गेलेल्या आपल्या मुलाला जामीन कोण? ओळख नाही, मोठ्या कॉलेजचा शिक्का नाही. खुल्या लायब्ररीत केलेली दुरुस्ती त्याच्या नावानिशी, तारखेनिशी कायम नोंदलेली असते, चाचणीसकट. ती उघडून वाचता येते, तिला शिफारसपत्र लागत नाही. त्यासाठी भांडवल म्हणाल तर एक जुना संगणक. पुण्याच्या परिसरात या विद्येचे वातावरण आहे. २०११ साली पायथनवाल्यांचा राष्ट्रीय मेळावा पुण्यातच भरला होता, आणि पोस्टग्रेस हाताळण्याचे पीजीॲडमिन हे साधन पायथनमध्ये नव्याने लिहिले गेले त्या कामात पुण्यातील अभियंत्यांचा मोठा हात आहे. ज्याला इंग्रजीची धास्ती वाटते त्याने आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल या उपक्रमातील मराठी पाठांपासून सुरुवात करावी. ते विनामूल्य आहेत.

ज्यांना हे घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक छोटा अभ्यास देतो. आपल्या खतावणीत ज्या प्रकारची नावे येतात तशी पन्नास नावे मुलाला बनवायला सांगा: काही अवतरणचिन्हाची, काही नुक्त्याची, काही दोन्ही कळफलकांवरून लिहिलेल्या ये आणि काफची, आणि एखादे नाव मुद्दाम रिकामे. प्रत्येकाला अशा रकमा द्या की बेरीज शेवटी शून्य व्हावी. मग ही नावे कोऱ्या डेटाबेसमध्ये भरून, शोधून, बाकी काढून पाहावी, आणि मध्येच एकदा संगणकाची वायर ओढावी. जेथे अडेल ते नाव व ती रक्कम हीच पहिली चाचणी. नावे बनावटच घ्यावीत. ग्राहकाचे खरे नाव, फोन आणि उधारीचा आकडा ही त्याने आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, आणि लायब्ररीला पाठवलेली चाचणी साऱ्या जगाला वाचता येते व मागे घेता येत नाही.